आप्पासाहेबांचा कप

नाताळची उपासना आटोपली की साराबाई घाईघाईनं घरी यायची, पेटी उघडायची आणि जुन्या लुगड्याच्या घडीतून एक कपबशी काढायची. पांढरा कप, काठाला निळी वेल. वर्षातून एकदाच तो उजेड बघायचा. एरवी ती स्वतः जर्मनच्या पेल्यात चहा प्यायची आणि पाहुणा आला तर त्यालाही तोच पेला. पण पाहुणा यायचा कोण? नवरा कधीचाच देवाघरी गेलेला. एकुलती एक लेक मरिया, तीही गेलेली. घरात साराबाई आणि एक शेळी. शेळीला वाचा नव्हती म्हणून, नाहीतर साराबाईनं तिच्याकडून अख्खा नवा करार पाठ करून घेतला असता.

कप आप्पासाहेब डहाळ्यांचा. म्हणजे विकत घेतला साराबाईनंच, नगरच्या बाजारातून, पण फक्त त्यांच्यासाठी.

हे आप्पासाहेब म्हणजे श्रीरामपूरच्या गोदातीर तेल गिरणी कंपनीचे मालक. मालक म्हटलं की ते लगेच कान धरायचे. "मालक कसला, मी तर तुमचा नोकर. कंपनी समद्या भागीदारांची!" बोलणं असं, की ऐकणाऱ्यानं डोक्यावरचं पागोटं काढून द्यावं. चाळीस साली ते गावोगाव फिरून कंपनीचे शेअर विकत होते. पुणतांब्याकडून येताना पिंपळवाडीत थांबले, पाटलाकडे जेवले, आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना ख्रिस्ती आळीत शिरले. पहिलंच घर साराबाईचं. "मावशी, तहान लागलीय, पाणी द्या," म्हणाले.

आळीत असं कधी घडलं नव्हतं. पाटलाची गाय आळीतल्या हौदावर पाणी प्यायची, पण पाटील कधी प्यायला नव्हता. साराबाईचे वडील मिशनात आले त्याला पन्नास वर्षं झाली होती, ती स्वतः शिकलेली, गावोगाव बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवणारी. तरी वरच्या आळीत तिला अंगणाच्या कडेलाच उभं करत. आणि हा एवढा मोठा माणूस तिच्या दारात पाणी मागत होता! तिनं तांब्या दिला. वाटलं, वरून ओतून घेईल. पण ह्या गड्यानं सरळ तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. मिशा पुसून म्हणाला, "गोड हाय पाणी."

साराबाई आत गेली आणि चुलीशी बसून रडली. कशासाठी रडली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्या पाण्यापायी मूठभर धान्य गिरणीत गेलं. आता हे मूठभर धान्य काय, तर आळीतल्या बायका रोज दळण घेताना एक मूठ देवासाठी बाजूच्या मडक्यात टाकायच्या. घरात चार मुठी असोत की चाळीस, देवाची एक ठरलेली. रविवारी ते धान्य मिशनच्या देवळात यायचं, विकलं जायचं, पैसा मंडळीच्या कामाला लागायचा. मरिया गेल्यावर साराबाई पाळकसाहेबांपुढे उभी राहिली होती. मरियाचं पहिलं बाळंतपण अडलं, तिला नगरच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून स्टेशनाकडे गाडी जुंपली, गाडी काळ्या रानात रुतली, आणि चाक निघेपर्यंत लेक आणि लेकीच्या पोटातलं दोन्ही आटोपलं. "मला वाडीत बाळंतिणीची खोली पाहिजे," साराबाई म्हणाली. "चार भिंती, वर पत्रा, एक खाट. मिशनची नर्स म्हणते, खोली बांधा, मी येते." पाळकसाहेबांनी बायकांचं धान्य त्या खोलीसाठी सोडलं. कितीतरी हंगाम बायकांनी घासातला घास काढून मूठ टाकली. भिंतींपुरतं जमलं होतं, पत्र्याचं बाकी होतं.

"पैसा मडक्यात ठेवून वाढतो व्हय मावशी?" आप्पासाहेब म्हणाले. "कंपनीत टाका. दोन वर्सांत खोली काय, दवाखाना उभा राहील."

आणि टाकला की! बायका म्हणाल्या, साराबाई, ज्यानं तुमच्या घरचं पाणी पिलं तो काय बुडवणार हाय? पाण्याची साक्ष त्यांना स्टँपाच्या कागदाहून मोठी वाटली. शेअर साराबाईच्या नावावर निघाले.

मग लढाई तापली. गिरणी दिवसरात्र धडधडत होती. तेलाला असा भाव आला की दिव्यात वात घालताना माणसाचा हात कचरायचा. पण कंपनीला मात्र तोटा! दरसाल तोटा. मुलखात सगळ्यांचं फावलं, भुसार विकणारे लाल झाले, आणि करडईचं तेल काढणारी गिरणी तेवढी उपाशी. कुणी विचारायचं? आप्पासाहेब नाताळला न चुकता मोटार घेऊन यायचे. देवळाच्या ओट्यावर तेलाचा एक डबा उतरवायचे, "भागीदारांचा मान" म्हणायचे आणि मग साराबाईच्या घरी यायचे. निळ्या वेलीच्या कपातून चहा प्यायचे, दोन करंज्या खायचे. "मावशी, शेळी कशी हाय? गुडघा दुखतो का अजून?" असं विचारायचे. अख्ख्या वर्षात साराबाईला तिच्या गुडघ्याबद्दल विचारणारा तेवढा एकच. निघताना खिशातून एक कागद काढायचे. सभेत तुमच्या वतीनं मी हात वर करतो, एवढंच लिहिलंय, करा सही. साराबाई करायची. आळी त्या तेलात करंज्या तळायची आणि म्हणायची, नफा आला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, पण दळणारीला जात्याचा आवाज गोड लागतो त्याला काय करता!

सेहेचाळीसच्या नाताळात कडूबाई तिच्याकडे आली. शेजारीण, तोंडानं फटकळ, मनानं लोणी. तिच्या लेकीला, दयाला, दिवस गेले होते. पहिल्या खेपेला दया मरता मरता वाचली होती आणि मूल गेलं होतं.

"साराबाई, खोलीचं काय झालं हो?" कडूबाई म्हणाली. "श्रावणात दिवस भरत्यात. पुन्यांदा त्या गाडीत न्हाई घालायची मी तिला. इथंच मरंल ती, पण गाडीत न्हाई."

त्याच दुपारी आप्पासाहेब आले. साराबाईनं चहा ओतता ओतता विचारलं, "आप्पासाहेब, औंदा तरी काही सुटेल का? खोलीची नड आहे."

"पुढच्या साली नक्की, मावशी. औंदा गोदामाचं भाडं, गाड्यांचं भाडं, करडईचा भाव, समदं आंगावर आलंय." असं म्हणून त्यांनी कागद पुढे केला. साराबाई म्हणाली, "चष्मा सापडंना, ठेवून जा. सही करून पाठवते." चष्मा तिच्या नाकावर होता. आप्पासाहेबांनी तो पाहिला, हसले, आणि कागद ठेवून गेले.

जानेवारीत ती तोच कागद घेऊन श्रीरामपूरला निघाली. मनात अजून सहीचंच होतं. फक्त त्याआधी एकदा पदर पसरून बघावं, एवढाच विचार. सर्व्हिसच्या मोटारीतून उतरून चालत बंगल्यावर गेली. आप्पासाहेब गिरणीत गेले होते. अंगणात त्यांची बायको आक्काबाई उन्हात वाळवण राखत बसलेली. भली बाई. चेहराभर हसली. "मावशी ना पिंपळवाडीच्या? हे नेहमी सांगत्यात तुमच्या करंज्यांचं. बसा की." साराबाई पायरीखाली बसली. आक्काबाईला बोलायला माणूस हवंच होतं. एवढा बंगला, आणि तीही एकटीच.

गप्पा निघाल्या, तशी आक्काबाई भोळेपणानं सांगत सुटली. ते मोठं गोदाम दिसतंय ना, ते माझ्या नावावर हाय बाई. ह्यांनीच केलं. गिरणी मला भाडं देती, दर महिन्याला, गोदाम रिकामं असलं तरी. जावई बसून होता, त्याला गाड्या घेऊन दिल्या, आता समदा माल त्याच्याच गाड्यांनी जातो. दुसऱ्याच्या गाडीला फाटकातच घेत न्हाईत. आन् करडई म्हनाल तर भाऊजींच्या अडतीवरूनच. भाऊजी म्हणतील तो भाव. "घरातलं घरात ऱ्हातं बघा. परक्याची कटकट न्हाई."

साराबाई ऐकत होती. गोदाम बायकोचं, गाड्या जावयाच्या, करडई भावाची. मग कंपनी कुणाची? कंपनी तेवढी आमची, तोटा सोसायला! तिला एकदम कडूबाईचं देवाच्या मुठीचं मडकं आठवलं, काठ फुटलेलं.

तरी गंमत बघा, एवढं कळूनही तिचं मन आप्पासाहेबांची वकिली करत होतं. मोठी माणसं, मोठा व्याप. घरच्यांना कोण टाकतं? आपलं पाणी पिणारा माणूस आपलं वाईट कसं चिंतेल?

"चहा घ्या मावशी," आक्काबाई म्हणाली आणि गड्याला हाक मारली. गडी गोठ्याकडे गेला. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यातून त्यानं कान तुटलेला एक कप काढला, झटकला, साराबाईच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला आणि वरून, हात उंच धरून, चहा ओतला. आक्काबाई मायेनं म्हणाली, "आलं घातलंय, गुडघ्याला बरं. आन् मावशी, पिऊन झालं की इसळून ठेवा हं कोनाड्यात."

साराबाईनं चहा प्यायला. आलं खरंच चांगलं होतं. कप विसळला, कोनाड्यात ठेवला. शेजारी गाय रवंथ करत होती. बंगल्याच्या फाटकाबाहेर येईपर्यंत तिनं काही म्हणून मनात येऊ दिलं नाही. बाहेर आल्यावर मात्र लिंबाखाली बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. अगं बया! आपल्या घरचं त्याला चालतं, आणि त्याच्या घरचं? त्याच्या घरचं आपल्यापर्यंत पोचतं ते गोठ्यापर्यंतच. पाण्याचं तसंच पैशाचं. सहा वर्षं सगळं एकाच अंगाला वाहत होतं, आणि आपण त्याला सोयरीक समजलो. कागद तिनं फाडला नाही. घडी घालून परत पिशवीत ठेवला आणि सही न करताच घरी आली.

आळीत तिनं झालं ते सांगितलं, सभेत जाऊन विचारते म्हणाली, तर कोण ऐकणार? पाळकसाहेब एलिया हातावर हात चोळत म्हणाले, "साराबाई, माझ्या मुलाला गिरणीत घेतो म्हणालेत ते. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" बाकीच्यांना तेलाच्या डब्याची काळजी. एकटी कडूबाई म्हणाली, "जावा. मी असते तर त्याची मिशीच उपटली असती." पण कडूबाईच्या नावावर शेअर नव्हता, आणि दयाला सोडून तिला हलताही येत नव्हतं. साराबाई एकटीच गेली.

सभा गिरणीच्या आवारात होती. भागीदार पोत्यांवर बसलेले. बरेचसे शेतकरी, दोनचार व्यापारी. साराबाईला बघताच आप्पासाहेब उठून पुढे आले. "या मावशी! स्वतः आल्या, वा!" आणि त्यांनी तिला खुर्ची दिली. सगळ्यांच्या देखत, पहिल्या ओळीत. आयुष्यात पहिल्यांदा तिला भर सभेत खुर्ची मिळाली होती, आणि ती ज्यानं दिली त्याच्याच विरुद्ध उठायचं होतं.

कारकुनानं वाचलं. गोदामाचं भाडं, गाड्यांचा करार, करडईची खरेदी, पुढच्या तीन वर्षांसाठी आहे तसंच चालू. मंजूर असेल त्यांनी हात वर करावे.

साराबाई उठली. गुडघा कुरकुरला. "मला एक विचारायचंय," ती म्हणाली. शास्त्र वाचून कमावलेला आवाज होता, मागच्या पोत्यापर्यंत पोचला. "गोदाम कुणाचं? आक्काबाईंचं. गाड्या कुणाच्या? जावईबापूंच्या. करडई कुणाकडची? तुमच्या भावाची. गिरणीला तोटा आला तरी ह्या तिघांना कधी तोटा येत नाही. मग आम्ही कशाचे भागीदार? आमच्या बायकांनी मूठमूठ धान्य काढलंय. बाळंतिणीच्या खोलीसाठी. ते कुठं गेलं?"

आवारात चुळबुळ झाली. आप्पासाहेबांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले. "मावशी, तुमी असं बोलावं? लोकहो, तुमाला ठावं हाय, गाव काय म्हणंल ह्याची पर्वा न करता मी ह्यांच्या घरचं पाणी पिलोय. तांब्याला तोंड लावून. चहा पितो, करंज्या खातो. घरचं समजून. आन् मावशी मलाच चोर ठरवत्यात." त्यांचा आवाज भरून आला. आणि वाईट हे, की तो खरोखरच भरून आला होता. लोक साराबाईकडे असे बघू लागले, जणू तिनंच कुणाच्या घासात खडा टाकला.

साराबाई तशीच उभी राहून बोलली. "पिलात, आप्पासाहेब. उपकार नाही विसरले मी. तुम्ही माझ्या घरी पेटीतल्या कपातून चहा पिलात. मी तुमच्या घरी गोठ्याच्या कोनाड्यातल्या कपातून पिले. कान नव्हता त्याला. विसळून मीच ठेवला परत. जा, बघा, अजून तिथंच असेल."

आप्पासाहेब गोंधळून बंगल्याच्या दिशेनं बघू लागले. त्यांना त्या कपाची आठवणच नसावी. कोनाड्यात असा कप असतो ही गोष्ट त्यांच्या घरात गोठ्याइतकीच जुनी होती.

मग कारकुनानं घसा साफ करून पुन्हा हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. हळूहळू, खाली बघत, पण झाले. विरुद्ध कोण, विचारलं तेव्हा साराबाईनं हात वर केला. मागं गोरक्षनाथ नावाच्या एका शेतकऱ्याचा हात अर्ध्यापर्यंत आला, आणि त्यानं तो कान खाजवण्याच्या निमित्तानं परत नेला. त्याची करडई आप्पासाहेबांच्या भावाच्या अडतीवर पडून होती. ठराव पास झाला.

"मावशींचे पैसे देऊन टाका," आप्पासाहेब कारकुनाकडे न बघता म्हणाले. "माझ्या खिशातून. शेअर माझ्या नावावर करा. उद्या कुणी म्हणायला नको." जितके घातले तितकेच, वर एक छदाम नाही. सहा वर्षांत विटा, पत्रा, मजुरी सगळ्याला आग लागली होती. त्या पैशात आता चारातल्या तीन भिंतीही उठल्या नसत्या. साराबाईला वाटलं, फेकावेत तोंडावर. पण डोळ्यांपुढे दया आली. तिनं पैसे पदरात बांधले आणि निघाली. जाताना ती खुर्ची मागं सरकवून नीट ठेवली.

खोली झाली. म्हणजे झाली म्हणायची. खालच्या दोन हात विटा, वर मातीच्या भिंती, पत्र्याऐवजी पाचटाचं छप्पर. बायकांनी स्वतः माती तुडवली. पण येता जाता साराबाईशी बोलणं तुटकच. पाळकसाहेबांच्या मुलाला नोकरी मिळाली नाही. देवळात तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. उघड वाईट कुणी बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान दारात कुणी उभं तरी राहिलं असतं. ती शेळीशी बोलायची, आणि बोलता बोलता मध्येच थांबून रस्त्याकडे कान द्यायची.

श्रावणात, स्वातंत्र्याच्या झेंड्यांची धामधूम ओसरत असताना, दया त्या खोलीत बाळंत झाली. दीड दिवस अडली होती. नर्स आली, हात घातला, आणि मुलगी बाहेर आली, रडली. कडूबाई साराबाईच्या गळ्यात पडली. "मरिया ठेवू नाव?" तिनं विचारलं. साराबाई म्हणाली, "नको गं. एकच होती ती." मग घरी येऊन दार लावून घेतलं आणि पोटभर रडली. ह्या खेपेला कशासाठी ते तिला नक्की ठाऊक होतं.

नाताळ आला. ओट्यावर तेलाचा डबा उतरला नाही. कुणी काही म्हणालं नाही, पण देवळातून बाहेर पडताना सगळ्यांची नजर त्या ओट्यावर गेलीच. साराबाई घरी आली, पेटी उघडली, लुगड्याच्या घडीतून कप काढला. आधण ठेवलं ते दोघांचं. आपण काय करतोय हे तिला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. ज्यानं लुबाडलं त्याची वाट बघतेस का गं, सारा? हो, बघते. दुसरं कोण आहे वाट बघण्यासारखं?

दुपारी मोटारीचा आवाज आला. साराबाई उठून दाराशी गेली, पदर सारखा केला. मोटार पाटलाच्या वाटेनं वळली आणि धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

आत आली. कपात चहा ओतलेला होता. सात वर्षांत तिनं स्वतः त्या कपाला कधी तोंड लावलं नव्हतं. कडूबाईलाही लावू दिलं नव्हतं, मरणाच्या थंडीत एकदा ती चहाला आली तेव्हासुद्धा. आप्पासाहेबांचा म्हणून वेगळा ठेवला होता. तिला तो कोनाडा आठवला, आणि आपली पेटी.

ती खाली बसली आणि त्या कपातून चहा प्यायली. निवला होता. मग कप राखेनं घासला, धुतला आणि जर्मनच्या पेल्यांशेजारी, फळीवर पालथा घातला.